स्टोअरच्या खिडकीवरची जकात

आमच्या फाउंड्रीच्या स्टोअरकीपरचा मला भयंकर हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी त्यांच्याविषयी जे चांगलं लिहीन ते दातओठ खात लिहिलंय, हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

सगळी फाउंड्री त्यांना अप्पा म्हणायची. मालकसुद्धा. उंचीला बेताचे, कपाळावर विभूतीची पट्टी, आणि खाकी शर्टाच्या खिशात तीन पेनं. तिन्ही बंद पडलेली. चालणारं चौथं पेन कानावर असायचं. कुणी सही करायला पेन मागितलं की खिशातलं एक पुढं करायचे. माणूस दोनचार रेघोट्या मारून बघायचा आणि वैतागून परत द्यायचा. "जे चालतंय ते कोण परत आणून देत न्हाई," असं त्यांचं म्हणणं होतं. मी कामगार कल्याण अधिकारी म्हणून नोकरीला लागले त्या दिवशी मलाही त्यांनी खिशातलंच पेन दिलं होतं. सहा वर्षांत कानावरचं एकदाही मिळालं नाही. पांडबा नावाच्या एका कामगाराला मात्र मिळायचं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्यांचं गाव गडहिंग्लजच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. घरात कानडी, बाहेर मराठी. हातमोजे मोजताना "वंदु, यरडु, मूरु" चालायचं आणि राग आला की शिव्याही कानडीतच यायच्या. आपल्याला शिवी बसली एवढं समोरच्याला कळायचं, पण कुठली ते कळत नसल्यामुळं भांडण उकरून काढता यायचं नाही. मला ते 'अक्का' म्हणायचे. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी अक्का. हे आदरानं म्हणतात की थट्टेनं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यांना विचारायचा धीर कधी झाला नाही.

पेपर ते शेवटच्या पानाकडून वाचायला घ्यायचे. निधनवार्ता आधी, राजकारण शेवटी. "आदी कोण गेलं ते बघावं, मग कोण निवडून आलं ते." आणि निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या तर्जनीला हटकून बँडेज असायचं. पहिल्या वर्षी मी काळजीनं विचारलं, "अप्पा, बोटाला लागलं का?"

"लागलं न्हाई अक्का. शाई झाकलीया. कुणाला मत दिलं ते ऱ्हाऊ द्या, मत दिलंय का न्हाई हे तरी लोकास्नी कशाला कळाय पायजे?"

अशा माणसाकडं फाउंड्रीतले सगळे लोक जायचे. लग्नाची पत्रिका आधी स्टोअरच्या खिडकीवर. मला ती रजेच्या अर्जाला टाचून यायची. माझ्याकडं समाजकार्यातली पदवी होती, पुण्यातल्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं होती, आणि प्रत्येक कामगाराची एक जाडजूड फाईल होती. अप्पांकडं फक्त जुने हातमोजे होते. नवा जोड हवा तर जुना परत द्यायचा, असा नियम. तो जुना जोड ते उलटासुलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "डाव्या अंगठ्यालाच भोक पडलंय. खांदा दुखतोय व्हय रं तुझा? उजवा हात उचलत न्हाई तू." खांदा खरंच दुखत असायचा. माझ्या फाईलमध्ये त्या माणसाचा रक्तगट असायचा.

आता ज्या गोष्टीवरून हे सगळं झालं तिच्याकडं येते. कोल्हापूर जिल्ह्यात कारखाना चालवायचा म्हणजे राजकारण आवारात येणारच. साखर कारखान्याची निवडणूक संपली की दूध संस्थेची, ती संपली की ग्रामपंचायतीची. आमची निम्मी माणसं एकाच गावातली. त्या गावात दोन गट, एक वरच्या गल्लीचा आणि एक खालच्या. गावातलं भांडण सकाळी मोटरसायकलवर बसून गेटमधून आत यायचं.

एकदा त्यापायी जिवावर बेतलं. पांडबा आमच्याकडं साचे भरायचा, तो वरच्या गटाचा. सर्जेराव भट्टीवर, तो खालच्या गटाचा. सर्जेराव दोघा साथीदारांबरोबर लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडानं भरलेलं भांडं, साच्यांकडं आणत होता. पांडबानं खालच्या गटाच्या साहेबांविषयी काहीतरी टोमणा मारला. सर्जेरावानं चालता चालता मान वळवून उत्तर दिलं. भांडं हिंदकळलं आणि लाल लोखंड पांडबाच्या बुटापासून वीतभर अंतरावर सांडलं. जमिनीतली ओल तडतडून उडाली. कुणालाही भाजलं नाही, एवढंच.

मालकांनी मला बोलावलं. "मॅडम, हे बंद करा. पुन्हा झालं तर दोघांनाही घरी बसवीन." आणि निघताना म्हणाले, "मोठे मॅनेजर पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्या खुर्चीचा विचार चाललाय. हे कसं हाताळताय ते बघतो मी."

मी त्याच दुपारी परिपत्रक काढलं. 'कारखान्याच्या आवारात कोणत्याही प्रकारची राजकीय चर्चा करण्यास सक्त मनाई आहे.' दुसऱ्या दिवशी सगळा कारखाना त्या परिपत्रकावर चर्चा करत होता. खालच्या गटाचं म्हणणं, मॅडमना वरच्या गटानं सांगितलंय, कारण त्यांच्याकडं बोलायला काही उरलं नाही. वरच्या गटाचं म्हणणं याच्या बरोबर उलट. शिवाय माझ्या केबिनबाहेर रांग लागली.

"मॅडम, ऊसदराचं बोललं तर चालतंय काय?"

"तो... तो शेतीचा विषय आहे. चालेल."

"कारखान्याच्या चेअरमननं दर दिला न्हाई, असं बोललं तर?"

"चेअरमनचं नाव घेऊ नका."

"मग दर काय आबाळातनं पडतोय व्हय? आन् माझा मेव्हणा सरपंच हाय. त्येची चौकशी करायची का न्हाई?"

मी 'नातेवाईक' एवढं लिहून घेतलं. रांगेतला शेवटचा माणूस नुसता मजा बघायला आला होता.

त्याच आठवड्यात मी स्टोअरकडं जात होते. दहाच्या चहाची किटली अप्पांच्या खिडकीवर यायची, ही तिथली जुनी रीत. पांडबा आणि सर्जेराव दोघंही तिथं होते, एकमेकांकडं पाठ करून. पांडबानं कप घ्यायला हात पुढं केला तशी अप्पांनी किटली मागं ओढली.

"जकात भर."

"कसली जकात?"

"पल्याडच्या सायबाचं एक चांगलं सांग. एकच. त्येच्या म्होरं पायजे तेवढ्या शिव्या घाल, मीच ऐकत बसतो."

"त्येंचं काय चांगलं असणार, अप्पा? ती माणसं हायत व्हय?"

"मग च्या बी न्हाई."

पांडबा तसाच उभा राहिला. मागं लोक जमले. चहा निवायला लागला तशी लोकांची कुरबुर सुरू झाली. शेवटी पांडबा खाली बघत म्हणाला, "माझ्या म्हातारीचं डोळ्याचं आपरेशन त्येंच्या शिबिरात झालं. घरापतूर गाडीनं आणून सोडलंतं तिला."

सर्जेरावानं वळून बघितलं. हे त्याला माहीत नव्हतं. अप्पांनी पांडबाच्या हातात कप दिला आणि सर्जेरावाकडं किटलीचं तोंड फिरवलं. सर्जेराव म्हणाला, "तुमच्या सायबानं स्मशानाचा रस्ता केला. आमचा आबा गेला तवा भर पावसात चिखलाचा थेंब लागला न्हाई कुणाच्या पायाला."

"आता घाला शिव्या," अप्पा म्हणाले. दोघं चहा प्याले आणि आपापल्या कामाला गेले.

मी खांबाआड उभी होते. माझ्या हातात परिपत्रकाची सुधारित प्रत होती, त्यात ऊसदर, दूधदर आणि नातेवाईक यांचे अपवाद घातले होते. त्या क्षणी मला अप्पांचं कौतुक वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे मला का सुचलं नाही? मग वाटलं, यांना कोण विचारतंय? आणि मग, खरं सांगते, वाटलं की ही जकात बिकात लवकर फसावी.

ती फसली नाही. महिन्याभरात सगळ्यांच्या अंगवळणी पडली. लोक घरून ठरवून यायचे, आज पलीकडच्याचं काय चांगलं सांगायचं. कुणी सांगितलं, त्यांच्या साहेबाचा आवाज चांगला आहे. अप्पांनी ते नापास केलं. "आवाज देवानं दिला. सायबानं काय केलं ते सांग." एकदा एकानं सांगितलं की पलीकडचे साहेब आमच्या गावात कधी येत नाहीत, हेच त्यांचं चांगलं. सगळे हसले. अप्पांनी त्याला अर्धा कप दिला. भांडणं संपली असं नाही, पण ती लॅडलपर्यंत येईनात. भट्टीवर सगळ्यांचं लक्ष भट्टीत असायचं.

मी एकदा अप्पांना अडवलं. "हे कुठल्या धोरणात बसत नाही हो."

"नसंल बसत. तुमी धोरण बघा अक्का, मी किटली बघतो." आणि वर विचारलं, "च्या घेनार? तुमाला जकात माफ."

मला जकात माफ होती, कारण मी कुठल्याच बाजूची नव्हते. ती माफी मला फार लागली.

मालक मीटिंगमध्ये म्हणाले, "आपल्या अप्पांनी कुठली पदवी न घेता जे केलं ते बघा. मॅडम, जरा त्यांच्याकडून शिकून घ्या." सगळे माझ्याकडं बघून हसले. वाईट हेतूनं नाही, पण हसले. त्या रात्री मी जेवले नाही.

मग पुण्याची मोठी गिऱ्हाईक कंपनी तपासणीला येणार असं कळलं. कामगारांमध्ये सलोखा राहावा म्हणून काय करता, त्याचा लेखी पुरावा त्यांना हवा होता. मला एकदम उजेड पडल्यासारखं झालं. अप्पांच्या जकातीचा लेखी पुरावा कुठं होता? नव्हताच. म्हणजे तो मी तयार करू शकत होते.

मी छापील अर्ज तयार केला. वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली 'सलोखा उपक्रम', आणि त्याखाली रकाने: नाव, टोकन क्रमांक, गाव, 'प्रतिपक्षाच्या नेत्याविषयी एक चांगली गोष्ट', सही. उपक्रमाची संकल्पना म्हणून माझं नाव घातलं. अप्पांचं घातलं नाही. त्यांचं काही लेखी नव्हतंच, अशी मी माझी समजूत घातली.

अर्जांचा गठ्ठा घेऊन मी खिडकीवर गेले. अप्पांनी एक कागद उचलला, कानावरचं पेन काढून रकान्यांवरून फिरवलं आणि परत ठेवला.

"अक्का, कागदावर नको."

"का?"

"हितं बोललेलं च्यासंगं पोटात जातंय. कागद कुटं बी जातोय."

"अप्पा, जग लेखी मागतंय आता."

"जगाला दुसरं कायतरी द्या की. ह्येला सही नको. ही माणसं गावात ऱ्हात्यात."

मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला गुदगुल्या झाल्या. वाटलं, आता यांना माझा हेवा वाटतोय. सहा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याविषयी जरा माया वाटली.

लोकांनी अर्ज भरून दिले. मॅडमनी सांगितलंय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? पांडबानं शिबिराची, आईच्या डोळ्यांची गोष्ट सुवाच्य अक्षरात लिहिली आणि खाली मोठ्ठी सही ठोकली. निवडक अर्ज मी कँटीनजवळच्या फळ्यावर लावले. पुण्याच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी माझ्याशी सगळ्यांसमोर हस्तांदोलन केलं. मी फळ्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतला आणि कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचा उपक्रम, आमचा अभिमान.' भराभर अंगठे आले. अप्पा ग्रुपवर नव्हते. त्यांचा फोन साधा होता.

त्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. पांडबाच्या गावातला त्याचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि वरच्या गटानं त्याच्या बायकोला उभं केलं. पांडबा पंधरा दिवस जमिनीवर नव्हता. प्रचार संपायच्या दिवशी गावातल्या प्रत्येक फोनवर एक फोटो फिरला. माझाच फोटो होता तो, फक्त मला कापून काढलं होतं. पांडबाचा अर्ज तेवढा मोठा करून ठेवला होता, बोधचिन्हासह आणि सहीसह. खाली मजकूर: 'उमेदवाराचा नवरा स्वतःच्या सहीनं आमच्या साहेबांचे उपकार मान्य करतोय. मग मत कुणाला?'

त्याची बायको थोडक्यात पडली. पडण्याचं एवढं नव्हतं. त्याच्याच गटानं त्याला फितूर ठरवलं. गल्लीतलं कुणी त्याच्या दारात येईना. म्हातारीला लोक तोंडावर म्हणाले, "डोळं त्येंनी दिलं, आता त्येंच्यातच जाऊन बघा."

निकालानंतर पांडबा कामावर आला तो थेट माझ्या केबिनच्या दिशेनं. मला ते काचेतून दिसलं. मी उभी राहिले. मनात वाक्यं जुळवायला लागले: पांडबा, बस. चूक माझी आहे. माझ्या केबिनचं दार उघडंच होतं. तो दारावरून पुढं गेला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तो गेला स्टोअरच्या खिडकीवर.

मी मागोमाग गेले आणि कोपऱ्याशी थांबले.

"अप्पा! तुमाला बापाच्या जाग्यावर मानलं मी!" त्यानं खिडकीच्या लाकडावर मूठ आपटली. "चांगलं सांग, चांगलं सांग म्हणून माझ्या तोंडातनं काढून घेतलं. आन् बाजार मांडला माझा!"

अप्पांनी हातातले मोजे खाली ठेवले. मी कोपऱ्याशी उभी आहे हे त्यांना दिसत होतं. आमची नजरानजर झाली. मला एवढंच करायचं होतं, चार पावलं पुढं जायचं होतं.

"माझीच चूक हाय," अप्पा म्हणाले. "जकात मी काढली. मी काढायला नको हुती."

"कागद कुणी केला?"

"जकात न्हवती तवर कागद बी न्हवता. मला बोल तू."

पांडबा बोलला. खूप बोलला. अप्पा ऐकत राहिले, एकदाही कानडीत गेले नाहीत. आणि मी तिथून पाय न वाजवता निघून आले. भीती होतीच, खुर्चीचीही होती. पण त्याहून वाईट गोष्ट सांगते: मला राग आला होता. चूक माझी, कागद माझा, फोटो माझा. तरी भांडायलासुद्धा तो त्यांच्याकडंच गेला.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांनी किटली कँटीनला पाठवून दिली. खिडकीवर फक्त मोजे आणि गॉगल मिळायला लागले. पांडबा त्यांच्याशी बोलेनासा झाला. नवे मोजे न्यायचे ते दुसऱ्याच्या हातून मागवायचा. अप्पा त्याचा जुना जोड तेवढा उलटून बघायचे आणि काही न बोलता नवा द्यायचे. मालकांनी चौकशी केली तेव्हा अप्पांनी त्यांनाही तेच सांगितलं, चूक माझी. मी शेजारच्या खुर्चीत बसून होते. चैत्रात मला मॅनेजरची खुर्ची मिळाली. मोठी आहे, फिरते.

अप्पांच्या निवृत्तीला छोटासा समारंभ झाला. शाल मीच घातली. भाषणही मीच केलं, चांगलं झालं असं सगळे म्हणाले. अप्पांनी उत्तर दिलं नाही, हात जोडले आणि पिशवी उचलून गेटकडं निघाले. एवढ्यात पांडबा मोटरसायकल काढून त्यांच्यासमोर येऊन थांबला. इतके महिने ज्यांच्याशी एक शब्द नाही, त्यांना म्हणाला, "बसा."

"यष्टी हाय की मला."

"बसा म्हंतोय न्हवं. घरापतूर सोडतो."

"सत्तर मैल हाय माझं गाव, मर्दा." होतं त्याच्या निम्मं.

"आसंना. वाटंत बोलाय वेळ मिळंल."

अप्पा मागं बसले. पांडबानं त्यांची पिशवी आपल्या पुढ्यात घेतली. मी शालीची रिकामी पिशवी हातात धरून बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी पांडबाला केबिनमध्ये बोलावलं. झोप झाली नव्हती. दार लावून घेतलं आणि एका दमात सांगितलं, की तो अर्ज मी काढला होता, अप्पांनी नको म्हटलं होतं, फोटो मी टाकला होता, आणि त्या दिवशी मी कोपऱ्यावर उभी राहून सगळं ऐकलं होतं. तो उठून ओरडेल, माझ्या टेबलावर मूठ आपटेल, अशी माझी तयारी होती. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं.

पांडबा खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता.

"म्हाईत हाय की मॅडम. मी बी ग्रुपवर हाय. तुमचा फोटो मीच पैल्यांदा बघितला, आंगठा बी दिलता."

"मग त्या दिवशी माझ्याकडं का नाही आलास? अप्पांना कशाला बोललास?"

त्यानं माझ्याकडं नवलानं बघितलं.

"तुमच्यावर कसं रागवणार मॅडम? रागवायला आपलं माणूस लागतंय."

त्यात टोमणा नव्हता. तो मला समजावून सांगत होता. मग त्यानं विचारलं, "आनि काय काम हुतं काय?" मी नाही म्हटलं. तो उठला, जाताना दार हळूच ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून.